निम्म्या मापाचा डाकबंगला

गंगाखेड,
मार्चमधला दुसरा शनिवार

प्रिय संघप्रिया,

सप्रेम जय भीम.

तुझे नकाशे परवा पोचले. कुरिअरवाल्यानं ती लांबलचक पुठ्ठ्याची नळी आणून दिली तेव्हा आजी नेहमीप्रमाणे व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना वाटलं पाइपाचा तुकडा आला. "नळाचं काम काढलंस व्हय?" म्हणून मलाच विचारायला लागल्या. मी नकाशे बैठकीत फरशीवर पसरले, गुंडाळी होऊ नये म्हणून कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले आणि चष्मा लावून खाली बसले. खरं सांगते, मन भरून आलं. व्हरांड्याचे खांब, खिडक्यांवरची सिमेंटची जाळी, बैठकीतली मोझॅकची फरशी, मागच्या अंगणातला उंबरठा, जिथं तू पडून हनुवटी फोडून घेतली होतीस तोसुद्धा, सगळं तू कागदावर आणलंस. वर ठळक अक्षरांत 'जतन आराखडा'. आजींना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "जतन तर माणसाला करत्यात. घराला काय झालंय?"

त्याच दिवशी तू फोनवर विचारलंस, आई, कसं वाटलं? मी म्हणाले, छान आहे, आणि लगेच उन्हाच्या गोष्टी काढल्या. तू म्हणालीस, तू मोकळी बोलत नाहीस. नाहीच बोलले. मागच्या पावसाळ्यात मधल्या खोलीचा स्लॅब पाझरला, सळया दिसायला लागल्या, तेव्हापासून हा एकच विषय आपल्या घरात चाललाय. तू म्हणतेस डागडुजी करून घर आहे तसं ठेवू. महारुद्र मिस्त्री म्हणतात पाडा आणि नवं बांधा. पावसाळ्याच्या आत काय ते ठरलं पाहिजे आणि घर माझ्या नावावर असल्यामुळं सही माझी लागणार. पुढच्या रविवारी तू ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन येणार आहेस. त्याआधी मला सगळं सांगायचंय आणि ते फोनवर जमत नाही. फोनवर तू मध्येच 'अगं पण आई' म्हणतेस आणि माझी गाडी तिथंच अडते. कागद मध्ये बोलत नाही.

आधी गावातली जुनी घरं बघत हिंडायच्या आपल्या फेरीची बातमी देते. तू मागं आलीस तेव्हा फेरीला रविवारी जेमतेम चार टाळकी असायची. आता परभणीच्या कॉलेजातली पोरं-पोरी येतात, पालमहून पहिल्या एसटीनं दोन शिक्षिका येतात, आणि एकदा तर नांदेडचं एक जोडपं लग्नाच्या वाढदिवसाला आलं होतं. राजेश्रीबाई म्हणाल्या, गोदाकाठी फिरायचं सोडून हे आपल्याबरोबर पडक्या भिंती बघत हिंडतायत, संसार टिकणार यांचा. ही फेरी सुरू झाली ती माझ्या शुगरमुळं हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि शाळेतली जोडीदारीण म्हणून राजेश्रीबाई बरोबर आल्या. मैदानाला गोल गोल चकरा मारून आठवड्यात जीव विटला. मग आम्ही गल्ल्यांत शिरलो. अगं, जन्म गेला या गावात, पण मान वर करून घरं कधी बघितलीच नव्हती. बाईमाणूस रस्त्यानं चालतं ते एकतर पायाखाली बघत, नाहीतर भाजीच्या गाड्याकडं बघत. मान वर केली आणि गाव नव्यानं दिसायला लागलं. राजेश्रीबाईंना फेरीला 'गंगाखेड दर्शन' असं नाव द्यायचं होतं. मी म्हणाले, बसची पाटी वाटते ती. शेवटी लोकांनीच नाव पाडलं, बायांची फेरी.

आमची सुरुवात नदीकडच्या जुन्या गल्लीतून होते, पार्वतीबाईंच्या माळवदाच्या घरापासून. पांढऱ्या मातीच्या भिंती, इतक्या जाड की खिडकीत माणूस आडवा झोपेल. वर लाकडी तुळया, त्यावर माती. दार इतकं बुटकं की आत जाताना प्रत्येकाला वाकावंच लागतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा पार्वतीबाईंनी मला हाताला धरून आत नेलं, सतरंजीवर बसवलं आणि चहा केला. मी बसले खरी, पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्या घराच्या अंगणाबाहेर आजी ताकासाठी गाडगं घेऊन उभ्या राहायच्या. वरून ताक ओतलं जायचं. उंबरा त्यांनी कधी ओलांडला नाही, म्हणजे ओलांडू दिला गेला नाही. घरी येऊन मी त्यांना सांगितलं, आज मी आत जाऊन आले. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवून घेतली. मग विचारलं, "आतून कसं हाय गं?" मी म्हणाले, गार आहे, पण अंधार लय आहे. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. तर म्हणतात कशा, "एवढा अंधार व्हता व्हय आत? मंग आमी भाईर उजेडात व्हतो तेच बरं व्हतं." आणि हसायला लागल्या. मीही हसले. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना दिसू दिलं नाही.

पुढं कमानीवाल्या घरांची ओळ लागते, निजामाच्या काळातली. दारावर चुन्यात कोरलेली वेल आणि उर्दूत लिहिलेलं साल. तिथल्या रहेमतबी आम्हाला ते साल वाचून दाखवतात आणि दर वेळी वेगळं वाचतात. कॉलेजच्या पोरांनी एकदा मोबाइलवर फोटो मोठा करून खरं साल शोधलं, तर त्या रागावल्या. "मेरे घर का साल मैं बोलूंगी ना," म्हणाल्या. आम्ही त्यांचंच खरं धरतो. आणि मग येतो माझा लाडका थांबा, रंगनाथ भाऊंचा बंगला. फाटकावर दोन सिंह बसवायचे असं त्यांच्या मनात होतं. मिस्त्री पालमचा, त्यानं सिंह फक्त कॅलेंडरवर समोरून बघितलेला. समोरचं तोंड झकास जमलं, मागच्या धडाचं काय करावं कळेना, म्हणून त्यानं दारातलं कुत्रं बघून ते पुरं केलं. शेपट्या वर वळलेल्या आहेत. गावात पत्ता सांगताना लोक 'कुत्र्याचा बंगला' म्हणतात आणि रंगनाथ भाऊ आता स्वतःच तसा सांगतात. तू पुण्यात लोकांना कसलेकसले बंगले बांधून देतेस, पण असे सिंह तुझ्या हातून व्हायचे नाहीत.

या फेरीत मी एक गोष्ट शिकले. घर कोणत्या साली बांधलं ते लोकांना धड आठवत नाही. पण स्लॅब पडला त्या दिवशी जेवायला काय होतं, ते पोराबाळांना तोंडपाठ असतं. म्हणून आम्ही आता सालाऐवजी तेच विचारतो. राजेश्रीबाईंच्या स्लॅबला बुंदी होती आणि ती कमी पडली, ते त्यांच्या सासूनं मरेपर्यंत काढलं. रंगनाथ भाऊंच्या स्लॅबला वांग्याची भाजी इतकी तिखट झाली की गडी घमेली टाकून पाण्याच्या टाकीकडं पळाले. पोरं हे सगळं लिहून घेतात. मला वाटतं स्लॅबचं जेवण म्हणजे घराची पाचवीच. दुसरा प्रश्न राजेश्रीबाईंचा. त्या घरातल्या बाईला विचारतात, तुमची बसायची जागा कोणती? पुरुषांना नाही विचारत, त्यांची खुर्ची दिसतेच. पार्वतीबाई झरोक्याखाली बसतात. उन्हाचा कवडसा सरकेल तशा त्याही सरकतात आणि संध्याकाळी भिंतीपाशी पोचतात. रंगनाथ भाऊंच्या घरातल्या बाई फाटकातल्या सिंहाच्या पायरीकडं बोट दाखवतात, कारण तिथून कुकरची शिट्टीही ऐकू येते आणि रस्ताही दिसतो. प्रत्येकीला जागा असते. थोडी लाजते, मग दाखवते.

आता आपल्या घराकडं येते. तुझ्या आराखड्यासोबत तू जे टिपण जोडलंस ते मी दोनदा वाचलं. डाकबंगल्याची नक्कल एका वस्तीतल्या माणसानं कशी केली आणि त्यात मानाचा प्रश्न कसा होता, ते तू फार चांगलं लिहिलंस. माझ्या वर्गात असतीस तर पैकीच्या पैकी दिले असते. पण तू ते ऐकून लिहिलंस. मी ते बघितलंय, म्हणून माझ्या बाजूनं सांगते.

लिंबाजी, तुझे आजोबा, तरुणपणी त्या नदीपलीकडच्या डाकबंगल्यात पंखा ओढायला होते. साहेब आत जेवत, आत झोपत. छताला झालरीचा पंखा आणि त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्याखाली आलेली. आजोबा पायरीच्या खाली मातीत बसून दोरी ओढायचे. व्हरांड्यावर चढायची मुभा नव्हती. त्यांनी ती खोली कधी बघितली नाही, फक्त दोरी बघितली. मग काळ बदलला. बाबासाहेबांचा धम्म घरात आला, आजोबांनी पोराला शाळेत घातलं, आणि तुझे बाबा पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून लागले. नेमणूक कुठं मिळावी? त्याच बंगल्यावर. पहिल्या दिवशी ते आतल्या खोलीत गेले आणि त्या भोकातून बाहेर बघितलं. बाहेर पायरीखालची माती दिसली. ते घरी येऊन जेवले नाहीत, असं आजी सांगतात. मला तुझ्या बाबांनी हे लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि त्यामुळंच मला जास्त रडू आलं.

पुढं ते कारकून झाले आणि आपण प्लॉट घेतला. तू नुकती रांगायला लागली होतीस. एका रविवारी ते टेप घेऊन बंगल्यावर गेले, चौकीदाराला चहा पाजला आणि अख्खा बंगला मोजून आणला. आपला प्लॉट लहान, तेव्हा सगळी मापं निम्मी केली. व्हरांडा निम्मा, बैठक निम्मी, दोन्ही बाजूंच्या खोल्या निम्म्या. भिंतीतलं दोरीचं भोकसुद्धा त्याच जागी ठेवलं. मिस्त्री विचारायला लागला, साहेब, हे कशाला? बाबा म्हणाले, "असू दे, हवा यील." स्लॅब पडला त्या दिवशी आपल्याकडं काळ्या मसाल्याचं मटण आणि भाकरी होती. वस्तीतला पहिला स्लॅब तो, सगळी वस्ती घमेली उचलायला आली होती आणि पंगत संध्याकाळपर्यंत चालली. पुढं राहायला आलो त्या दिवशी भन्ते आले, त्रिशरण-पंचशील झालं, आणि बाबांनी आजोबांना हाताला धरून व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. आजोबा खुर्चीच्या कडेवर बसले होते, कुणीतरी येऊन उठवेल असे. त्या क्षणासाठी हे घर बांधलं गेलं. त्याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही, आणि माझ्या नवऱ्याचा मला तेव्हा वाटलेला अभिमान आजही तेवढाच आहे.

पण बाई, एक गंमत झाली. सगळ्या बंगल्याची मापं निम्मी करताना एक अंतर निम्मं करायचं ते विसरले. डाकबंगल्याचं स्वयंपाकघर मागं वेगळं असतं, अंगण ओलांडून. धूर साहेबाच्या नाकात जाऊ नये म्हणून. तिथं खानसामा रांधायचा आणि ताटं घेऊन यायचा. बाबांनी ते अंतर जसंच्या तसं उतरवलं. निम्म्या मापाच्या घराला पूर्ण मापाचं अंगण! मूळ बंगल्यात त्या वाटेवर छप्पर होतं. ते पुढच्या वर्षी करू म्हणाले. पुढचं वर्ष कधी आलंच नाही. तुला आठवत असेल, पावसात मी डोक्यावर सुपाची टोपी करून पातेलं आणायची आणि तू बैठकीच्या दारात टाळ्या वाजवायचीस. तुला तो खेळ वाटायचा. मलाही कधीकधी वाटायचा, खोटं कशाला बोलू. बाबांचे मित्र बैठकीत चळवळीच्या गोष्टी करायचे, हसायचे, भांडायचे. मी मागं भाकरी थापत असायची आणि मला त्यातला नुसता आवाज ऐकू यायचा, शब्द नाही. शाळेत सगळ्या स्टाफमध्ये माझं वाचन जास्त, आणि घरात मात्र चर्चा संपल्यावर कपबशा न्यायला मी पोचायची. बाबांना कळलं असतं तर वाईट वाटलं असतं. ते मला 'मॅडम' म्हणायचे सगळ्यांसमोर. त्यांच्या लक्षातच आलं नाही, आणि मीही कधी बोलले नाही, कारण त्या घरात त्यांच्या बापाची खुर्ची होती. त्या खुर्चीसमोर माझं अंगण म्हणजे काय?

तू टिपणात लिहिलंस की हे मागचं सुटं स्वयंपाकघर या घराचं सगळ्यांत दुर्मीळ वैशिष्ट्य आहे आणि ते कोणत्याही परिस्थितीत टिकवावं. ते वाचून मी एकटीच इतकी हसले की आजींनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, तुमच्या नातीला माझं स्वयंपाकघर दुर्मीळ वाटतंय. आजी म्हणाल्या, "तिला म्हनावं, एक दिस भाकरी घेऊन ये-जा कर." रागावू नकोस. तुझा अभ्यास खोटा नाही. फेरीतल्या पोरांनाही तेच आवडलं.

हो, फेरी गेल्या रविवारी पहिल्यांदाच आपल्या घरी आली. आपल्याच घराची माहिती आपण काय सांगायची, म्हणून मी त्या दिवशी गप्प राहायचं आणि राजेश्रीबाईंनी बोलायचं, असं ठरलं. आजींनी निळी काठाची साडी नेसली होती आणि व्हरांड्यातून सगळ्यांना हात हलवून आत सोडत होत्या. पोरं भिंतीतल्या भोकाला डोळा लावून बघत होती. एका मुलीनं तर बाहेर पायरीखाली मातीत बसून आतल्या मैत्रिणीला हाक मारली आणि मग उठून भोकाजवळच्या भिंतीवरून हात फिरवत राहिली. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. मग सगळे अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेले, फोटो काढले, चूल बघितली. आणि राजेश्रीबाईंनी सवयीनं, अगदी सवयीनं, माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, तुमची बसायची जागा कोणती?" वीस-पंचवीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी मनातल्या मनात घरभर फिरून आले. बैठक बाबांची. व्हरांडा आजींचा. उजवीकडची खोली तुझी होती, अजून तुझीच म्हणतो. स्वयंपाकघरात मी उभी असते. शेवटी मी म्हणाले, मी बसत नाही, मी ये-जा करते. सगळे हसले. मीही हसले, चांगली हसले. राजेश्रीबाई नाही हसल्या. त्यांनी पोरांना पुढच्या घराकडं चला म्हणून सांगितलं आणि निघताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

तू म्हणशील, आईला वाईट वाटलं. नाही गं. मला हलकं वाटलं. बऱ्याच दिवसांनी एखादं गणित सुटावं तसं. तुझे बाबा गेल्यावर मी या भिंतींना हात लावताना दहादा विचार करायची, जणू ते बघतायत. आता मला कळतं की त्यांनी साहेबाचं घर बांधलं ते बापाला साहेब करायला, आणि ते झालं. पूर्ण झालं. आजोबा साहेब झाले, ते स्वतः झाले, आजी तर आजही आहेत. पण साहेबाच्या घराला खानसामा लागतोच. ती नेमणूक माझी झाली, तीही बिनपगारी. आता मी निवृत्त आहे, एकदा शाळेतून झाले, एकदा इथून व्हायचंय.

काल संध्याकाळी मी आजींजवळ विषय काढला. मला भीती होती. लेकानं बांधलेलं घर, लेक नाही, आणि सुनेनं पाडायचं म्हणावं.  त्या खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत रस्त्यानं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ही भिंत आन् हा व्हरांडा ऱ्हाऊ दे. माझा मालक हितं बसला. मागचं काय बी कर. मागं मी बी लय धूर खाल्लाय." मला एकदम उमजलं की आजोबा, आजी, बाबा या तिघांचं घर म्हणजे एवढा व्हरांडा आणि ती भोकाची भिंतच आहे. मागचा सगळा बंगला फक्त तेवढ्याला आधार म्हणून उभा राहिलाय. मग मी आजींचे पाय दाबून दिले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जो त्या सहसा ठेवत नाहीत.

तेव्हा माझं ठरलंय, ते स्पष्ट लिहिते. व्हरांडा आणि त्याच्या पाठीमागची भिंत राहील. तिला तुझ्या आराखड्यात लिहिलंस तसं जप, तिच्यावर तुझी सगळी विद्या खर्च कर. त्याच्या मागचं सगळं पाडायचं, बैठकीसकट, आणि ते स्वयंपाकघर सगळ्यांत आधी. फोटो हवे तेवढे काढून ठेव. फेरीतल्या पोरांना मी समजावून सांगेन. जुनी घरं बघायला मला अजूनही तितकंच आवडतं. पार्वतीबाईंचं माळवद उद्या कुणी पाडायला निघालं तर मी आडवी पडेन. पण घरं बघत हिंडताना मला एकच गोष्ट दिसत गेली. ज्या घरात बाईला बसायला जागा आहे ते घर पडकं असलं तरी नांदतं वाटतं. महारुद्र मिस्त्रींना मी निरोप दिलाय. ते खूश आहेत, पण तुला फोन करायला घाबरतायत.

आता हे पत्र का लिहिलं ते. निर्णय कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. तू मागं एकदा बोलता बोलता म्हणाली होतीस की नवं गिऱ्हाईक आलं की तू आधी कागदावर रेघ ओढत नाहीस. त्याच्या घरी जाऊन दिवसभर बसतेस आणि नुसतं विचारतेस, सकाळी उठल्यावर आधी कुठं जाता, कुणाशी बोलायला आवडतं, एकटं कुठं बसावंसं वाटतं. मी ते ऐकून घेतलं होतं आणि मनात ठेवलं होतं. माझ्या बापानं माझं लग्न ठरवलं, तुझ्या बाबांनी घर ठरवलं, आता तू प्रेमानं माझं घर जपायला निघालीस. तिघांनीही माझं भलंच बघितलं, पण तिघांपैकी कुणी विचारलं नाही. म्हणून रविवारी येशील तेव्हा मैत्रिणींना राजेश्रीबाईंबरोबर फेरीला पाठवून दे. टेप बॅगेतच ठेव. आजींच्या शेजारी व्हरांड्यात मी खुर्ची टाकून बसलेली असेन. माझ्यासमोर बस, आई म्हणू नकोस, आणि अनोळखी गिऱ्हाइकाला विचारतेस तसं विचार, बाई, तुम्हाला घर कसं पाहिजे? उत्तर कितीतरी वर्षांपासून तयार आहे आणि ते लांबलचक आहे. जेवायला वेळ होईल, तेव्हा गाडीत काहीतरी खाऊन ये.

तुझीच,
आणि या कामापुरती तुझी गिऱ्हाईक,
धम्मशीला